हात खिशाकडे जायच्या आधी: रोजच्या सवयी बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात, बचत गटाच्या बैठकीत किंवा क्लासच्या होस्टेलवर सवयींबद्दल बोलून आलं की मागाहून फोन येत राहतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा जमेल तिथे तशीच ठेवली आहे.

१. सवय सोडायला आत्मभान लागतं म्हणता. म्हणजे ध्यानाला बसायचं का?

गरज नाही. कुणाला ध्यान जमत असेल तर चांगलंच, पण इथलं काम त्याहून लहान आहे. हात खिशाकडे जायलाय, हे तो जात असतानाच आपल्याला कळलं पाहिजे. बहुतेकांना कळतं तेव्हा तंबाखूचा बार गालात बसून पाच मिनिटं झालेली असतात. मी आत्ता काय करतोय, कुठं, कुणाजवळ, कशानंतर, आणि अंगात काय होतंय, एवढं त्या क्षणी टिपता आलं की झालं. स्वतःला शिव्या घालणं यात येत नाही. ‘आपण असलेच, आपल्याच्यानं काय होणार’ असं मनात सुरू झालं की बघणं थांबलं असं समजा.

२. तंबाखू वाईट हे मला माहिती आहे, पुडीवर फोटोपण असतो. मग नवीन काय बघायचं?

पुडीच्या ८५ टक्के जागेवर इशारा छापणं २०१६ पासून सक्तीचं आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे टपरीवाल्यालाही पाठ आहे. म्हणजे माहितीची कमतरता कुणालाच नाही. सवय मुरली की मेंदू विचारायचंच सोडून देतो. चहा संपला, हात खिशात गेला, डबी निघाली, बरं वाटलं. हे सगळं इतकं सरावाचं होतं की ‘वाईट आहे’ ही माहिती वापरायची वेळच येत नाही. म्हणून कर्करोगाबद्दल आणखी वाचण्यापेक्षा चहा संपणे आणि हात खिशात जाणे यांच्यामधली फट शोधा.

नेथन ॲझरिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नखं खाणं, अंगाला झटके देणं अशा सवयींसाठी एक पद्धत मांडली. तिची सुरुवात सोडण्यापासून होत नाही. आपली हालचाल नेमकी कशी सुरू होते, आधी काय होतं, हे माणसाला आधी ओळखायला शिकवतात. मग त्या हाताला दुसरं काम देतात. आम्ही सांगतो तो क्रम तोच आहे.

३. नोंद नेमकी कशी ठेवायची?

वेळ, जागा, जवळ कोण होतं, आधीच्या पाच मिनिटांत काय झालं, आणि तलफेचा जोर एक ते दहामध्ये किती. एवढंच. पण खायच्या आधी लिहायचं. रात्री आठवून लिहिलेली वही खोटी बोलते, कारण दिवसातले निम्मे बार आठवतच नाहीत.

मोंढ्यातल्या आडत दुकानातल्या एका मुनिमांच्या वहीतलं हे एका दिवसाचं पान, त्यांना विचारून घेतलेलं:

६.२० घरी, एकटा. पोट साफ व्हायला. जोर ८
९.०५ टपरी, चहा झाला. ६
१०.४० सौदा चालू. हमालाने मळून पुढे केली. २
११.३० तिथेच, दुसऱ्याने दिली. १
१.५० जेवण झालं. ७
३.१५ एकाने चुन्याची डबी मागितली, देता देता मीपण. २
४.४५ हिशेब जुळेना. ९
६.०० ट्रक भरताना, हमालांसोबत. २
९.३० घरी, जेवणानंतर. ७

हे मुनीम इतकी वर्षं सांगत होते, ‘टेन्शनमुळे खातो.’ पानावर टेन्शन एकदाच दिसतं. नऊपैकी चार बार तर असे आहेत की तलफ जवळपास नव्हतीच, फक्त दुसऱ्याचा तळवा पुढे आला होता. मोंढ्यात पुढे केलेली तंबाखू नाकारणं म्हणजे माणसाला नाकारल्यासारखं होतं, ही खरी अडचण आहे. त्यांनी त्या चारपासून सुरुवात केली. ‘तळवा पुढे आला की बडीशेपेची डबी काढून त्यालाच दोन दाणे द्यायचे,’ असं आधीच ठरवून ठेवलं. देवाणघेवाण राहिली, तंबाखू गेली. ‘अमुक झालं की तमुक करीन’ असा नेमका बेत नुसत्या ‘आता सोडणारच’पेक्षा जास्त टिकतो, हे पीटर गोलविट्झर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. पण तो ‘अमुक’ कोणता, हे ज्याच्या त्याच्या वहीतूनच कळतं. शेजाऱ्याचा बेत उसना घेऊन चालत नाही.

४. मला लिहिता येत नाही. शेतात वही-पेन कुठं नेऊ?

सकाळी डाव्या खिशात हरभऱ्याचे वीस दाणे टाका. बार भरायच्या आधी एक दाणा उजव्या खिशात. बायांनी पदराच्या गाठीतून कमरेच्या पिशवीत टाकले तरी चालतं. दुसऱ्याच्या आग्रहानं खाल्ली तर हरभऱ्याऐवजी तुरीचा दाणा, एवढा फरक केला तरी संध्याकाळी पुष्कळ कळतं. मोजायला नातवंडं असतातच, आणि ती सूट देत नाहीत.

५. किती दिवस नुसतं बघायचं? बघत बसलो तर खातच राहीन की!

एक आठवडा, पण त्यात तुमच्या गावचा बाजाराचा दिवस आणि घरातला उपवासाचा दिवस यायला हवा. बाजाराच्या दिवशी किती वाढतं आणि उपवासाला किती आपोआप कमी होतं, हे बघण्यासारखं असतं. नुसत्या नोंदीनंही पुष्कळांचं थोडं कमी होतं.

अपवाद आहेत. पोटात बाळ असेल, तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल (प्रश्न ८), तर आठवडाभर बघत बसू नका. आधी दवाखाना, वही नंतर. दारूचा नियम आणखी वेगळा आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

६. तलफ आली की दुसरं काही सुचतच नाही. तेव्हा काय करू?

तलफ वळवाच्या पावसासारखी असते, जोरात येते आणि काही मिनिटांत ओसरते. आपल्याला ते माहीत नसतं, कारण ती ओसरेपर्यंत आपण कधी थांबलेलोच नसतो. एकदा थांबून बघा. तलफ अंगात कुठं आहे? जबड्यात, जिभेखाली सुटलेल्या पाण्यात, छातीत, की बोटांच्या टोकांना? ती वाढतेय की कमी होतेय? तिच्याशी भांडू नका आणि तिला दाबूही नका. दाबायला गेलं की ती डोक्यात घर करते. उभे असाल तर चार पावलं चाला, तोंडात पाणी धरून हळू गिळा, आणि पुन्हा जबड्याकडे लक्ष न्या. माघार घेतलेली तलफ एकदा स्वतः पाहिली की पुढच्या वेळी तिची भीती कमी होते.

तंबाखू पूर्ण सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते. बहुतेकांचं हे दोन ते चार आठवड्यांत निवळतं. त्या दिवसांत घरातल्यांनी लहानसहान बोलणं मनावर घेऊ नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. सोबतीला कुणी हवं असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

७. सकाळी तंबाखू खाल्ल्याशिवाय पोटच साफ होत नाही. मग कशी सोडू?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, पण सगळ्यात जास्त विचारतात. यात खोटं काही नाही. तंबाखूतलं निकोटिन आतड्याला चालना देतं, आणि वर्षानुवर्षं तसंच केल्यावर पोट त्याची वाट बघतं. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं, ते कायमचं नसतं. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, थोडी पायपीट, रोज ठरलेल्या वेळी बसणं, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. भाकरी आपल्याकडे आहेच, पाणी मात्र उन्हाळ्यातही कमीच प्यायलं जातं. म्हणूनच सहा-वीसचा बार मुनिमांनी पहिल्यांदा सोडला नाही, शेवटी सोडला. सगळ्यात घट्ट गाठ आधी सोडवायला जायचं नसतं.

८. मी तंबाखूला हातही लावत नाही. नुसती सुपारी खातो. ही वही मला कशाला?

नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड कमी कमी उघडतं. आपली उभी तीन बोटं दातांमध्ये बसतात का ते आत्ता बघा. बसत नसतील किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. वही तुम्हालाही लागू आहे, सुपारी-तंबाखूचा मावा खाणाऱ्याला तर दुप्पट.

९. आम्ही मिसरी फक्त दाताला लावतो, गिळत नाही. तरीपण सवयच का?

तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू म्हणजे मिसरी. भाजल्यानं निकोटिन संपत नाही, ते हिरडीतून रक्तात जातं. दात दिवसातून चारदा घासावेसे वाटतात, तेव्हा ते दातांसाठी नसतं.

बायांच्या नोंदींत एक गोष्ट सारखी दिसते: भूक. ऊसतोडीला कोयत्यावर गेलेल्या बाया पहाटे अंधारात उठतात, फडात जायच्या आधी पोटात काही नसतं, मिसरी लावली की भूक मरते आणि काम रेटता येतं. निकोटिन भूक मारतंच. तेव्हा मिसरी लावायच्या आधी स्वतःला एकच गोष्ट विचारा, मला आत्ता मिसरी पाहिजे की भाकर? भाकर असेल तर आदल्या रात्रीची अर्धी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून उशाशी ठेवा. बाईची भूक घरात दुसऱ्यांच्या भुकेपुढे मागं पडत असेल, तर तो दोष त्या बाईच्या आत्मभानाचा नाही. तो घरातल्या ताटांचा प्रश्न आहे आणि तिथंच बोलला पाहिजे. पोटात बाळ असताना मिसरी लावल्यानं बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं, म्हणून तेव्हा टप्प्याटप्प्यानं कमी करण्यात वेळ घालवू नका. आशाताईंना लगेच सांगा.

१०. दिवसाला सात-आठ चहा होतात. प्रत्येक घरी देतात, नाही म्हटलं तर राग येतो. यात काय आत्मभान चालणार?

आधी हिशेब. आपल्याकडच्या कपात दीड चमचा साखर सहज असते, म्हणजे सात-आठ ग्रॅम. आठ कपांची साठ ग्रॅम. वरून घेतलेली साखर दिवसाला साधारण पन्नास ग्रॅमच्या आत, जमलं तर पंचवीसच्या आसपास असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे नुसत्या चहातच हद्द ओलांडली, गोड शिरा वेगळा.

मग नोंद. कोणता चहा तुम्ही प्यायलात आणि कोणता फक्त बशीत ओतून संपवलात? पहिले दोन घोट चवीनं घ्या आणि तिसऱ्याला थांबून बघा, अजून हवा आहे का. बहुतेकांना सकाळचा आणि चारचा खरोखर हवा असतो, बाकीचे मानाचे असतात. मान चहाचा नसतो, बसण्याचा असतो. ‘वहिनी, अर्धाच, पण बसतो दहा मिनिटं’ म्हटलं तर कुणी रागावत नाही. ‘शुगर निघाली’ असं खोटं सांगू नका, दुसऱ्या दिवशी गावभर होतं.

एक सूचना बायांसाठी: जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. रक्त कमी असेल तर जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

११. २१ दिवसांत सवय बदलते म्हणतात. माझी का नाही बदलली?

मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ गळाला आणि नियम झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून बघितली. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण कुणाला १८ दिवस पुरणार होते तर कुणाला २५४. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. आणि हे पाणी पिण्यासारखी नवी सवय लावण्याबद्दल होतं, तंबाखू सोडण्याबद्दल नव्हतं.

१२. आमच्याकडे माळ घातली की दारू-मटण सुटतं. मग वहीची काय गरज?

माळेनं सुटत असेल तर वही कपाटात ठेवा. माळ गळ्यात दिसते, गावाला माहिती असते, रोज नव्यानं ठरवावं लागत नाही आणि आग्रह करणारेही थांबतात. एवढी सोय कोणत्याही वहीत नाही. अडतं ते चातुर्मासापुरतं सोडणाऱ्यांचं. कार्तिकी झाली की चार महिन्यांचा बॅकलॉग भरून काढणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांनी त्या चार महिन्यांत एकच टिपावं: कोणत्या वेळी आठवण आली आणि कधी आलीच नाही. कार्तिकीनंतर तेच कामाला येतं.

१३. मी लातूरला क्लासला आहे. झोपायच्या आधी पाच मिनिटं रील बघतो आणि दीड वाजतो. काय करू?

मोबाईल हातात घ्यायच्या आधी एक शब्द लिहा: कंटाळा, भीती, एकटेपणा, सवय. टेस्टचे मार्क लागले त्या रात्री काय लिहिलंत ते बघा. मार्कांची भीती असेल तर रील बंद करून ती जात नाही, रूममेटशी किंवा घरी बोलून हलकी होते. बाकी उपाय साधा आहे: दीडशे-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा आणि मोबाईल रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावा.

१४. शेतीपंपाची लाईट रात्री येते. झोप मोडते, मग चहा, मग तंबाखू. ही पण सवयच का?

ही सवय कमी आणि महावितरणचं वेळापत्रक जास्त. रात्री दोनला पिकाला पाणी द्यायला दार धरणाऱ्या माणसाला ‘वेळेवर झोपा’ म्हणणं हा चेष्टेचा विषय आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, तुमच्या फीडरचं काय चाललंय ते ग्रामपंचायतीत विचारत राहा.

तोपर्यंत वहीत रात्रीच्या फेऱ्याचा आठवडा आणि दिवसाच्या फेऱ्याचा आठवडा वेगळा लिहा. एकत्र केलंत तर उगीच स्वतःला दोष द्याल. रात्रीच्या आठवड्यात तंबाखू वाढू न देणं हेच पुरे, कमी करायचं काम दिवसाच्या आठवड्यात. पहाटे तीनच्या चहातली उत्तेजना अर्धी व्हायलाही चार-पाच तास लागतात, म्हणून घरी येऊन झोपायचं असेल तर शेवटचा चहा पाणी सुरू करतानाच घ्या. दुपारची झोप आळस नव्हे, ती राहिलेली रात्र आहे.

१५. दारू रोज लागते. उद्यापासून एकदम बंद केली तर?

सकाळी हात थरथरत असतील, पेग घेतल्यावरच थांबत असतील, किंवा पूर्वी सोडताना झटका आला असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होऊ शकतो, यात जीवही जातो. इथे निश्चय किती पक्का आहे याला अर्थ नाही, औषध लागतं. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, जिल्हा रुग्णालयातही विचारा. वही पुढच्या टप्प्यात कामाची आहे, शरीर सावरल्यावर.

१६. माझे मिस्टर ऐकतच नाहीत. त्यांचं आत्मभान मी कसं जागं करू?

करता येत नाही. दुसऱ्याची वही आपण लिहायला लागलो की तो हजेरीपट होतो, आणि माणूस पुडी लपवायला शिकतो. शांत वेळ बघून एकदाच विचारा, ‘दिवसात कोणती तुम्हाला खरंच लागते आणि कोणती उगीच होते?’ उत्तर लगेच मागू नका. मारहाण होत असेल तर हा प्रश्न सवयीचा राहत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

१७. नोंद ठेवायला लागल्यापासून तेच डोक्यात फिरतं, उदास वाटतं. चुकतंय का काही?

थांबवा. काही जणांना मोजणं मानवत नाही. विशेषतः खाण्याचे घास आणि वजन मोजत बसणाऱ्यांनी, किंवा आधीच अस्वस्थता असणाऱ्यांनी वही पुढे रेटू नये. उदासी आठवडा-दोन आठवडे हटली नाही, किंवा जीव नकोसा वाटला, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या क्रमांकावर केव्हाही मराठीत बोलता येतं.

१८. तीन महिने सुटली होती. लग्नात एकदा खाल्ली. सगळं गेलं का?

एक बार म्हणजे एक बार. ‘आता मोडलंच, तर होऊ दे’ या विचारानं जो दुसरा भरला जातो तोच महागात पडतो. घरी आल्यावर प्रश्न ३ मधल्या रकान्यांत ती एक ओळ लिहा. बहुधा तळवा कुणाचा होता तेवढंच लिहावं लागेल.

१९. निकोटिनचं गम घेतलं तर ते पण व्यसनच ना? आणि मला तर त्याचा उपयोगही झाला नाही.

गममध्ये निकोटिन असतं, पण तंबाखूतली कर्करोग करणारी बाकीची रसायनं नसतात, आणि प्रमाण हळूहळू उतरवता येतं. रोज सात-आठ बार भरणाऱ्याला नुसत्या बघण्यानं निभत नसेल तर डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावं. उपयोग न होण्याचं कारण बहुतेक वेळा चघळण्यात असतं. च्युइंगमसारखं सपासप चावलं तर निकोटिन लाळेसोबत पोटात जातं, उचक्या लागतात आणि तलफ तशीच राहते. सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं. हे तंत्र तंबाखू खाणाऱ्याला पटकन येतं, गालाला सराव असतोच. आणि गम तोंडात असताना किंवा त्याआधी पंधरा मिनिटांत चहा घ्यायचा नाही, तोंडातलं निकोटिन नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे गम फुकट जातं ते जास्त करून याच्यामुळे: टपरीवर उभं राहून, हातात कप धरून चघळतात.